घटक ४ : युद्धाचे कारण आणि युद्धाचे समर्थन

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपणांस –
• युद्धाचा हेतू, निमित्त, समर्थन आणि परिणाम यांतील फरक सांगता येईल.
• युद्धविषयक लेखनातील वाक्यरचना व शब्दनिवड यांचे विश्लेषण करता येईल.
• 'साधनसंपत्ती की मानवता' या प्रश्नावर साधार मत मांडता येईल.

४.२ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, युद्धे साधनसंपत्तीसाठी लढली जातात की पीडितांच्या रक्षणासाठी, हा प्रश्न आपण वृत्तपत्रांत आणि वादविवाद स्पर्धांत अनेकदा ऐकतो. बहुतेक वेळा उत्तर आधीच ठरलेले असते. एक पक्ष म्हणतो, सारे काही तेलासाठी आणि जमिनीसाठी. दुसरा पक्ष राज्यकर्त्यांच्या घोषणा जशाच्या तशा स्वीकारतो. या दोन्ही भूमिकांत वाचनाचे कष्ट टाळलेले असतात. या घटकात आपण पुण्याच्याच इतिहासातील एका युद्धाच्या आधारे हा प्रश्न तपासू.

४.३ चार संकल्पना

हेतू म्हणजे युद्ध करणाऱ्याला प्रत्यक्षात जे साधायचे असते ते. निमित्त म्हणजे ज्या घटनेमुळे युद्धाला तोंड फुटते ती घटना. समर्थन म्हणजे युद्ध न्याय्य का आहे, हे इतरांना पटविण्यासाठी दिलेला युक्तिवाद. परिणाम म्हणजे युद्धानंतर जे प्रत्यक्ष घडले ते. सामान्य बोलण्यात या चौघांनाही आपण 'कारण' हा एकच शब्द वापरतो आणि तेथेच गोंधळ सुरू होतो.

४.४ उदाहरण : १८१७–१८ चे युद्ध

इ. स. १८१६ मध्ये पेंढाऱ्यांच्या टोळ्यांनी कंपनीच्या मुलखात गुंटूरपर्यंत लूट केली. त्यांनी गावे जाळली, रयतेचे हाल केले. हे अत्याचार खरे होते. गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज याने पेंढाऱ्यांच्या निर्मूलनासाठी एक लाखाहून अधिक सैन्य उभे केले. पेंढाऱ्यांची संख्या मात्र वीस-तीस हजारांच्या घरात मानली जात असे. एवढे सैन्य केवळ पेंढाऱ्यांसाठी नव्हते. मराठी सत्तांना वेसण घालणे हाही त्यामागचा विचार होता.

पुण्यात वातावरण आधीच तापले होते. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा जुलै १८१५ मध्ये पंढरपूर येथे खून झाला. त्याचा ठपका त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर ठेवण्यात आला. १३ जून १८१७ च्या पुणे तहाने दुसऱ्या बाजीरावास अहमदनगरचा किल्ला व इतर मुलूख सोडावा लागला आणि मराठा मंडळाचे प्रमुखपदही गमवावे लागले. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांच्या फौजेने संगमावरील रेसिडेन्सी जाळली. त्याच दिवशी खडकीची लढाई झाली. १७ नोव्हेंबरला पुणे इंग्रजांच्या हाती गेले. ११ फेब्रुवारी १८१८ रोजी एल्फिन्स्टनने साताऱ्याहून जाहीरनामा काढला. त्यात बाजीरावाच्या विश्वासघाताचा पाढा होता, छत्रपतींना राज्याचा काही भाग देण्याचे आश्वासन होते आणि वतने, इनामे व धर्म यांना धक्का लागणार नाही अशी हमी होती.

येथे चारही संकल्पना वेगळ्या करता येतात. निमित्त : रेसिडेन्सीवरील हल्ला. समर्थन : पेंढाऱ्यांचा बंदोबस्त, आत्मसंरक्षण आणि जुलमी कारभारातून रयतेची सुटका. परिणाम : पेशव्यांच्या बहुतांश मुलखाचा महसूल कंपनीकडे. हेतू कोणता, हे मात्र पुराव्याने ठरवावे लागते.

४.५ समर्थनाच्या कसोट्या

अ) नियमाची कसोटी : सांगितलेले तत्त्व सर्वांना सारखे लावले गेले काय? पेंढाऱ्यांना आश्रय देणाऱ्यांत गणल्या जाणाऱ्या अमीरखानाशी कंपनीने नोव्हेंबर १८१७ मध्ये तह केला आणि तो टोंकचा नवाब झाला. पेशव्याचे राज्य मात्र संपले. लुटीस शिक्षा हेच खरोखर तत्त्व असते, तर निकाल असा लागला नसता.

आ) फलाची कसोटी : ज्यांच्या नावाने युद्ध झाले त्यांना काय मिळाले? बाजीरावाच्या काळात मामलती मक्त्याने देण्याच्या पद्धतीमुळे रयत भरडली जात होती, हे नाकारता येत नाही. एल्फिन्स्टनने मक्त्याची पद्धत थांबवली आणि १८२१ मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा सुरू केली. परंतु पुढे प्रिंगलच्या जमाबंदीत सारा इतका चढा ठरला की पुणे जिल्ह्यातील अनेक शेते ओसाड पडली. १८७५ मध्ये सुपे येथून सावकारांविरुद्धचे दंगे सुरू झाले, त्याला साऱ्याच्या ओझ्याचीही पार्श्वभूमी होती. साताऱ्याचे राज्यही १८४८ मध्ये छत्रपती शहाजींच्या मृत्यूनंतर खालसा करण्यात आले.

ही कसोटी जपून वापरावी. युद्धानंतर माळव्याच्या अफूच्या व्यापारावर कंपनीने ताबा मिळविण्याचा प्रयत्न केला. त्यावरून 'युद्ध अफूसाठी झाले' असे सिद्ध होत नाही. परिणाम हा हेतूचा संशय निर्माण करतो, हेतूचा पुरावा ठरत नाही.

इ) अंतर्गत लेखनाची कसोटी : जाहीरनामा लोकांसाठी असतो, टिपण सहकाऱ्यांसाठी. नागपूरचे राज्य युद्धाविना खालसा झाले, तरी त्याचे उदाहरण येथे उपयोगी आहे. १८५४ च्या आपल्या टिपणात लॉर्ड डलहौसीने नागपूरच्या जनतेचे हित अग्रस्थानी असल्याचे लिहिले. त्याच टिपणात इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचाही विचार केला. एकच लेखक, एकच कागद आणि दोन्ही कारणे. डलहौसीस दांभिक म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण स्वतःचा लाभ आणि दुसऱ्याचे कल्याण एकच आहे, असे सत्ताधाऱ्याला प्रामाणिकपणे वाटू शकते. हा अधिक अवघड आणि अधिक धोकादायक प्रकार होय.

४.६ भाषेची साक्ष

पुढील दोन वाक्ये पाहा.
१) कंपनीने पुणे ताब्यात घेतले.
२) पुणे कंपनीच्या ताब्यात आले.
पहिल्या वाक्यात घेणारा दिसतो. दुसऱ्यात नगर जणू आपणहून चालत येते. 'शस्त्र उचलणे भाग पडले' या रचनेत निर्णय घेणारा नाहीसा होतो आणि परिस्थितीच कर्ती बनते. 'शांतता प्रस्थापित झाली' असे वाचल्यावर कोणी, कोणासाठी आणि कोणत्या किमतीवर, असे विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी.

ही कसोटी आपल्या पूर्वजांनाही लागू होते. 'मुलूखगिरी' हा शब्द तर हेतू उघडपणे सांगतो. 'चौथ' म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या सनदा दिल्लीहून आणल्या, तेव्हा मराठ्यांच्या दृष्टीने तो हक्क झाला. नागपूरकर रघुजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून बंगालवर चालून गेल्या. १७५१ च्या तहाने बंगालची चौथाई वार्षिक बारा लाख रुपये ठरली. आपण ज्यास चौथ म्हणतो, त्यास बंगालची रयत लूट म्हणत होती. आपला 'बारगीर' बंगालीत 'बर्गी' झाला आणि अंगाईगीतात मुलांना भीती घालणारा शब्द ठरला. शब्दकोशातील अर्थ घोड्यावर बसलेला सांगतो. अंगाईतील अर्थ घोड्याच्या वाटेवर राहणारा सांगतो.

४.७ आधुनिक काळ

१९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. त्या युद्धात भारताचे सामरिक हितही होते. परंतु त्यामुळे निर्वासितांचे दुःख खोटे ठरत नाही. २००३ मध्ये इराकवरील हल्ल्याचे मुख्य समर्थन संहारक अस्त्रांचे होते. ती सापडली नाहीत, तेव्हा लोकशाही व मुक्ती यांवरील भर वाढला. युद्धानंतर बदलणारे समर्थन विशेष सावधपणे वाचावे. मात्र इराकमध्ये तेल आहे एवढ्यावरून युद्ध तेलासाठीच झाले, असेही म्हणता येत नाही. तेथेही पुरावा मागावा लागतो.

४.८ सारांश

बहुतेक युद्धांत हेतू संमिश्र असतात. म्हणून 'हे की ते' या प्रश्नाऐवजी 'कोणता हेतू नसता तर युद्ध झाले नसते?' हा प्रश्न अधिक उपयुक्त ठरतो. पीडितांचे दुःख खरे असू शकते आणि त्या दुःखाचा वापरही होऊ शकतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी लक्षात ठेवणे हे विचक्षण वाचकाचे काम आहे. दुःख नाकारले तर आपण निर्दय होतो. वापर नाकारला तर भाबडे.

४.९ स्वयं-अध्ययन प्रश्न

१) निमित्त आणि हेतू यांतील फरक खडकीच्या लढाईच्या आधारे सांगा.
२) परिणामावरून हेतू सिद्ध का होत नाही? अफूच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
३) 'नगर शत्रूच्या हाती पडले' या वाक्याची कर्ता स्पष्ट होईल अशी पुनर्रचना करा. अर्थात कोणता फरक पडला?

४.१० स्वाध्याय

चालू काळातील एखाद्या युद्धाविषयीचे मराठी वृत्तपत्रातील संपादकीय निवडा. त्यातील समर्थनाची वाक्ये अधोरेखित करून वरील कसोट्यांवर तपासा. आपले विवेचन ३०० शब्दांत लिहा. ज्या पक्षाविषयी आपणांस सहानुभूती आहे, त्या पक्षाच्या वाक्यांपासून सुरुवात करावी.