टीम, आशा आणि थँक्यू

ग्रुप लीडरचं काम फक्त कामं वाटून देणं एवढंच असतं का? एक खरं उदाहरण बघू.

१९१५ मध्ये अर्नेस्ट शॅकल्टनचं 'एन्ड्युरन्स' जहाज अंटार्क्टिकाजवळ बर्फात अडकलं आणि शेवटी बुडालं. एप्रिल १९१६ मध्ये सगळे २८ जण होड्यांतून एलिफंट बेटावर पोचले. तिथून शॅकल्टन पाच जणांना घेऊन एका होडीतून सुमारे १३०० किलोमीटरवरच्या साउथ जॉर्जियाला मदत आणायला गेला.

मागे राहिलेल्या २२ जणांचा लीडर होता फ्रँक वाइल्ड. शॅकल्टन जिवंत आहे की नाही हेसुद्धा त्याला माहीत नव्हतं. तरी तो रोज सगळ्यांना अंथरूण गुंडाळून तयार राहायला लावायचा, कारण साहेब आजच येऊ शकतात! त्याची आशा म्हणजे नुसतं भाषण नव्हतं, रोजचं काम होतं. ३० ऑगस्ट १९१६ ला, चौथ्या प्रयत्नात शॅकल्टन पोचला. सगळे २२ जण जिवंत होते.

पण कृतज्ञतेचं काय? शॅकल्टनची ती होडी समुद्रात टिकावी म्हणून सुतार मॅकनिशने तिच्या बाजू उंच केल्या होत्या. मात्र आधी बर्फावर त्याने एकदा हुकूम मानायला नकार दिला होता. शॅकल्टनने पोलर मेडलसाठी त्याचं नाव दिलंच नाही.

आपल्याकडे सबमिशनच्या आदल्या रात्री सर्किट चालत नसेल, तर नुसतं 'होईल रे' म्हणू नका. प्रत्येकाच्या हातात काहीतरी काम द्या. आणि रिपोर्टमध्ये आभार लिहाल तेव्हा तुमच्याशी भांडलेल्या मित्राचंही नाव घाला. सोल्डरिंग त्यानेच केलेलं असतं!