थांबलेल्या कर्नलची झडती

प्रश्न : माझी मुलगी महापेच्या एका कंपनीत लिनक्स कर्नलवर काम करते. तिच्या टेबलावर दोन कॉम्प्युटर केबलने जोडलेले असतात. एक मुद्दाम थांबवायचा आणि दुसऱ्यावरून त्याची चूक शोधायची. हे एकाच कॉम्प्युटरवर का होत नाही? आणि घरून जमेल का?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : साध्या प्रोग्रॅमची चूक शोधणारा डीबगर त्याच कॉम्प्युटरवर चालतो. तो प्रोग्रॅमला हव्या त्या ओळीवर थांबवून मेमरीत काय आहे ते दाखवतो. पण डीबगरही एक प्रोग्रॅमच. स्क्रीन, कीबोर्ड, डिस्क आणि प्रोसेसरवरची पाळी त्याला कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभाच, देतो. तो कर्नल थांबवणे म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड घालणे. म्हणून डीबगर शेजारच्या मशीनवर बसवतात.

तपासायच्या कर्नलमध्ये केजीडीबी नावाचा छोटासा भाग असतो. ठरलेली ओळ आली की तो सगळे प्रोसेसर रोखतो आणि केबल जोडलेल्या सिरियल पोर्टवर येणाऱ्या प्रश्नांची वाट पाहतो. पलीकडच्या मशीनवरचा डीबगर, जीडीबी, विचारतो : रजिस्टरमध्ये काय आहे? अमुक पत्त्यावर मेमरीत काय आहे? प्रत्येक संदेशाच्या शेवटी पडताळणीची बेरीज असते. ती जुळली नाही तर संदेश पुन्हा पाठवला जातो. फंक्शनांची नावे आणि ओळींचे क्रमांक जीडीबीकडे असल्याने केजीडीबीला फारसे काही ठाऊक असावे लागत नाही.

केबलचा वेग बहुधा सेकंदाला १,१५,२०० बिट, म्हणजे आजच्या मानाने गोगलगायीचा. तरीही ती आवडते, कारण सिरियल चिप मोजक्या सूचनांत हाताळता येते. नेटवर्कचा ड्रायव्हर मात्र कर्नलच्या अनेक भागांवर विसंबतो आणि संशय तर त्या कर्नलवरच आहे.

या कामात पुण्याचाही वाटा आहे. २००० ते २००४ या काळात केजीडीबीची देखभाल पुण्याच्या अमित काळे यांनी केली. तेव्हा तो कर्नलबाहेरचा पॅच होता. डीबगरवर विसंबलेला प्रोग्रॅमर मुळाशी जाऊन विचार करत नाही, या मताचे लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी त्याला बराच काळ आत घेतले नाही. अखेर २००८ मध्ये कर्नलच्या २.६.२६ आवृत्तीत तो आला.

घरून जमते. केबल महापेलाच राहते. मुलगी नेरूळहून एसएसएचने, म्हणजे नेटवरून दुरून लॉगिन करून, तिथल्या डीबगरच्या मशीनवर शिरते. फक्त अडकलेले मशीन बंद-चालू करायला दुरून चालणारा पॉवर स्विच हवा, नाहीतर ऑफिसातल्या कुणाला तरी फोन. अनेक चुकांसाठी तर एक लॅपटॉपही पुरतो : क्यूएमू या प्रोग्रॅममध्ये आभासी मशीन चालवले की दुसरा कॉम्प्युटरही त्यातच आणि केबलही.