पूरग्रस्ताचे मनोगत

शाळा पुन्हा भरली त्या आठवड्यात मी फळ्यावर निबंधाचा विषय लिहिला : ‘पूरग्रस्ताचे मनोगत’. निबंधाच्या प्रत्येक पुस्तकात असतो हा विषय. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी तो किती वेळा घातला असेल, मोजदाद नाही. पण ते साल २०१९ होतं, महिना ऑगस्टचा, गाव कृष्णाकाठचं, पलूस तालुक्यातलं. समोर बसलेली झाडून सगळी पोरं पूरग्रस्त होती. भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्याही वर गेलेली. फरशी चार वेळा धुतली तरी कुजक्या गाळाचा वास हटत नव्हता.

हेतू वाईट नव्हता. मनात साठलेलं कागदावर उतरलं की पोरं हलकी होतील, असं मला मनापासून वाटलं. त्या दिवशी मदतीचं सामान घेऊन बाहेरगावची मंडळी आली होती. त्यांच्यासमोर मी चौथीतल्या एका मुलीला तिचा निबंध वाचायला उभं केलं. अक्षर सुरेख, वाचन खणखणीत, म्हणून तिला. तिने तीनच ओळी लिहिल्या होत्या. पहिली वाचली, दुसरीला थांबली, आणि मग तिच्या पायाशी फरशी ओली झाली. पाहुण्यांपैकी एकाचा मोबाईल तेवढ्यातही तिच्याकडे रोखलेला होता. मी त्यांना थांबवलं नाही. पुढचे नऊ दिवस ती शाळेत आली नाही.

हे लिहायला मला वेळ लागला. पण आपल्या भागात नदी पुन्हा येणार, डोंगर पुन्हा सुटणार. सातारा-सांगलीकरांनी कोयनेचा भूकंप पाहिला, २००५ साली मांढरदेवीच्या यात्रेतली चेंगराचेंगरी पाहिली, त्याच वर्षीचा पूर पाहिला. त्या-त्या वेळी पोरांच्या जवळ असतात ती शेजारची काकू, शाळेतल्या बाई, चुलता, दुकानदार, एसटीचा कंडक्टर. डॉक्टर नंतर येतो. म्हणून माझं चुकलं ते सांगते.

त्या मुलीच्या घरी मी दहाव्या दिवशी गेले. तिचे तात्या, म्हणजे आजोबा, जनावरं सोडून निघायला तयार झाले नव्हते. ते गेले. आज्जी अंगणात भिजलेलं घर पसरून बसली होती : गाद्या, धान्य, फोटो, दप्तर. मुलगी पाटावर बसून वह्या वाळवत होती. चिकटलेल्या पानांत खराट्याची काडी हळूच सारायची, पान सुटलं की फुंकर मारायची, मग पुढचं पान. मी काही विचारलं नाही. दुसरी काडी घेतली आणि शेजारी बसले. अर्धा-पाऊण तास आम्ही दोघी तेच करत होतो. मराठीची वही संपली, गणिताची घेतली, तेव्हा ती खाली बघतच बोलली, “बाई, पंचमीला मीच नागोबाला म्हटलं हुतं. लई पाऊस पडू दे, घटक चाचणी रद्द होऊ दे.”

त्या वर्षी नागपंचमी ५ ऑगस्टला होती. त्याच दिवसांत पाणी गावात शिरत होतं. नऊ वर्षांच्या डोक्याने सरळ हिशेब घातला होता : मी मागितलं, पाऊस पडला, तात्या गेले. आणि या पोरीला मी चार परक्या माणसांसमोर पूरग्रस्ताचं मनोगत वाचायला उभं केलं होतं.

मी काडीनेच अंगणातल्या मातीत रेघ ओढली. ही कृष्णा, महाबळेश्वरहून निघाली. ही कोयना, तीही तिथलीच, कराडला हिला मिळाली. आपली येरळा ब्रह्मनाळला आली. वारणा हरिपूरला, पंचगंगा नरसोबाच्या वाडीला. वर डोंगरात इतका पाऊस झाला की धरणं भरली, पाणी सोडावं लागलं, आणि सगळ्या नद्या एकदमच फुगल्यामुळे पाण्याला पुढे सरकायला वाट मिळेना. सांगलीत आयर्विन पुलाशी ४५ फूट म्हणजे धोक्याची खूण, या खेपेला पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं. “तुझ्या मागण्यानं यातला एक थेंबही पडला नाही.” तिने विचारलं, “खरं?” मी म्हटलं, “खरं.” तिने हाच प्रश्न पुढचे दोन महिने मला बहुतेक रोज विचारला आणि मी रोज तेच उत्तर दिलं. लहान मुलं आक्रिताचा दोष स्वतःकडे घेतात, हे मी तेव्हा शिकले. कुणी आईला उलटून बोललेलं असतं, कुणी म्हशीचं दावं सोडलेलं नसतं, कुणी भावाशी भांडून त्याचा हात झिडकारलेला असतो. ते आपण होऊन सांगणार नाहीत. आपण न विचारताच अधूनमधून म्हणत राहायचं की हे कुणा पोरामुळे झालेलं नाही. आणि का झालं ते त्यांना समजेल अशा शब्दांत खरं-खरं सांगायचं.

आता निबंधाचं. मुलाने बोलावं म्हणून त्याला उकरू नये. ते आपण होऊन बोलायला लागलं, तर “नको बाळा ते आता” म्हणून तोंडही दाबू नये. या दोन्हींच्या मध्ये नुसतं जवळ बसणं असतं. शेंगा फोडताना, वेणी घालताना, दळण आणायला जाताना पोरं बोलतात, कारण तेव्हा कुणी त्यांच्या डोळ्यांत बघत नसतं. नंतर मी वाचलं की जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची एक पुस्तिका काढली आहे. तिचं सार तीन शब्दांत येतं : बघा, ऐका, जोडून द्या. संकटातून नुकत्याच बाहेर पडलेल्या माणसाकडून सगळी हकिगत वदवून घेऊ नका, असं ती बजावते. ती पुस्तिका मला पुराच्या आधी हाती लागायला हवी होती.

त्या पुरात ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला माणसांनी भरलेली बोट उलटली. त्याची दृश्यं मोबाईलवर फिरली. आमच्या गावात मोठी माणसं ती पाराच्या कट्ट्यावर बघायची आणि पोरं त्यांच्या खांद्यावरून वाकून बघायची. पहिलीतल्या एका मुलाने मला विचारलं, “आज परत बुडाली व्हय?” त्याच्या लेखी जितक्या वेळा ते दृश्य दिसलं तितक्या वेळा बोट बुडाली होती. पोरांसमोर फोन उपडा ठेवणं कुणालाही जमण्यासारखं आहे, त्याला शिक्षण लागत नाही.

मेलेल्या माणसाबद्दल बोलताना आपण फार आडवळणं घेतो. “देवाघरी गेले”, “झोपले”, “गावाला गेले”. झोपलेल्या आजोबांची गोष्ट ऐकलेलं पोर रात्री झोपायला घाबरतं, गावाला गेलेल्या बापाची वाट बघत एसटीच्या फाट्यावर बसतं. मेले म्हणजे मेले, ते आता परत येणार नाहीत, त्यांना आता दुखत नाही, असं सांगितलेलं पोरांना पेलतं. सांगणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्यावं. तिसऱ्याला, दहाव्याला त्यांना यायचं असेल तर येऊ द्यावं, आणि तिथे काय दिसेल ते आधी सांगावं.

पण त्या दहाव्याला एक वाक्य हमखास कानावर पडतं, त्याचा मला फार राग आहे. केस उतरवलेल्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून पाव्हणे म्हणतात, “रडायचं नाही. आता तूच घरचा कर्ता. आईकडं, बहिणीकडं तुलाच बघायचंय.” मायेपोटीच म्हणतात. आमच्या गावातल्या अशा एका मुलाने त्या दिवसापासून खेळणं सोडलं. मधल्या सुट्टीत घरी जाऊन आई जागेवर आहे का बघून यायचा. त्याच्या मामाने शेवटी त्याला शेजारी बसवून सांगितलं, “कर्ता मी हाय. तू सहावीला हायस.” या एका वाक्याने जे झालं ते माझ्या महिनाभराच्या समजावण्याने झालं नव्हतं.

माझं माहेर पाटण तालुक्यातलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा माझी आई नऊ वर्षांची होती. घर पडलं, चुलतभाऊ गेला. आठ दिवसांत तिला कराडजवळ आत्याकडे धाडलं, वर्षभरासाठी. पोरीला सुरक्षित ठेवावं, दोन घास नीट मिळावेत, एवढंच आजोबांच्या मनात होतं. पण तिला कुणी कारण सांगितलं नाही. आपण जड झालो म्हणून काढून दिलं, असं ती वर्षभर समजून होती. साठी उलटल्यावर तिने मला हे सांगितलं, आणि सांगताना ती नऊ वर्षांची होऊन रडली. आजही ती दाराला आतून कडी लावून झोपत नाही.

किल्लारीच्या भूकंपानंतर, १९९३ साली, भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलांना पुण्याजवळ वाघोलीला नेऊन शिकवलं. त्या कामाबद्दल मला आदर आहे. कितीतरी आयुष्यं त्यातून उभी राहिली. पण संकट आलं की “दोन पोरं आम्ही नेतो सांभाळायला” असं म्हणत गाड्या घेऊन येणारी माणसंही मी पाहिली आहेत, आणि तिथे गावाने ठाम उभं राहायला हवं. आई-बाप गेलेलं मूल आधी त्याच्या माणसांत राहावं : आजी, मामा, चुलती, आणि जमेल तोवर त्याच शाळेत. भावंडांची ताटातूट करू नये. असं मूल कुणी परस्पर घेऊन जाऊ शकत नाही. बाल न्याय कायद्याप्रमाणे त्याची जबाबदारी ठरवते ती जिल्ह्याची बालकल्याण समिती. सांभाळणाऱ्या नातेवाइकांना राज्य सरकारच्या बालसंगोपन योजनेतून दरमहा मदत मिळते. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करायचा. आमच्याकडे हे पुष्कळांना ठाऊकच नव्हतं. कागद भरून देणं, मृत्यूचा दाखला काढायला सोबत जाणं, हीसुद्धा पोराच्या मनाचीच काळजी आहे, कारण घरातल्या पैशाची कुजबुज पोरं रात्री जागून ऐकतात.

कायदा आणखी एक सांगतो : छत्र हरपलेल्या मुलाचं नाव आणि फोटो प्रसिद्ध करायचे नाहीत. तेव्हा वही देताना फोटो काढू नका. पोरांना ओळीत उभं करू नका. सामान घरच्या मोठ्या माणसाच्या हाती द्या, म्हणजे पोराला आपलं घर देतं, असं दिसेल. त्या दिवशीच्या पाहुण्यांना मी हे दारातच सांगायला हवं होतं.

पुरानंतर आमची पोरं कागदाच्या होड्या करून हौदात बुडवायची. मोठी माणसं ओरडायची, अपशकुनी खेळ म्हणून. खेळू द्यावं. मुलं भीती अशीच हातात धरून बघतात. एखादं पोर रोज तेच खेळून आणखीच बावरत असेल, तर आपण शेजारी बसून विचारावं, “आता वाचवायला कोण आलं?” आमच्या होड्यांना मग लष्कराचे जवान आले, एनडीआरएफ आलं, दोर आला, टायरची ट्यूब आली.

अंथरूण ओलं होणं, आईचा पदर न सोडणं, कारण नसताना पोट दुखणं, चिडणं, वयात आलेल्या पोरांनी घुमं होणं, हे पहिले काही आठवडे होतंच. मारू नये, चिडवू नये. शाळेची घंटा, जेवणाची वेळ, संध्याकाळचं शुभंकरोती किंवा नमाज, जे ज्या घरात असेल ते चुकू देऊ नये. बहुतेक पोरं यातूनच सावरतात. पण महिना-सव्वा महिना उलटूनही झोप नाही, जेवण नाही, बोलणं नाही, किंवा पोर मरणाच्या गोष्टी करायला लागलं, तर अंगारे-धुपारे करत दिवस काढू नका. सांगली-मिरजेच्या शासकीय रुग्णालयांत, साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात दाखवा. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहे.

आणि स्वतःकडे बघा. माझंही घर पाण्यात होतं, मीही रात्री दचकून उठत होते, आणि ‘बाई खंबीर’ म्हणून मिरवत होते. पोरं फळ्याकडे कमी आणि माझ्या तोंडाकडे जास्त बघत होती. एके दिवशी मी वर्गात सांगितलं की मलाही भीती वाटली होती, आणि मी बहिणीशी फोनवर बोलते तेव्हा बरं वाटतं. वर्ग एकदम सैल पडला.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. तिकडे माझ्या माहेरच्या तालुक्यात आंबेघर, मिरगावावर डोंगर कोसळला, इकडे कृष्णा पन्नास फुटांच्या पलीकडे गेली. कोरोनाने शाळा बंदच होत्या, त्यामुळे उंचावरच्या एका शाळेत आमच्या गावाचा निवारा होता. ती मुलगी आता सहावीत होती. आज्जीचं औषध, रेशनकार्ड आणि वह्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ती सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. हात थरथरत होते. मी तिला खडू दिला आणि म्हटलं, “सांगलीहून आकडा आला की फळ्यावर तू लिहायचा. लहान पोरांना वाचून दाखवायचा.”

तिने फळा मधोमध रेघ मारून दोन भाग केले. डावीकडे ‘आयर्विन पूल’ लिहून खाली वेळ आणि फूट. उजवीकडे थोडा विचार करून लिहिलं : ‘जेवण – १२ वाजता. गोष्ट – ४ वाजता. झोप – ९ वाजता.’ दुसऱ्या दिवशी पहिलीतली एक पोर फळ्यापाशी जाऊन उभी राहिली आणि तिला विचारू लागली, पाणी का आलं. तिने खडू घेतला, खाली बसली आणि फरशीवर रेघ ओढायला लागली. “ही कृष्णा. महाबळेश्वरला निघती.”