माळ्यावरची पेटी

प्रश्न : शाळेत असताना मी पेटी शिकत होते. ‘प्रवेशिका पूर्ण’ ही परीक्षा झाली, मग दहावी आली आणि पेटी माळ्यावर गेली ती गेलीच. आता पन्नाशी उलटल्यावर ती खाली काढली. ‘सारेग, रेगम’ हे पलटे बोटांनी आपसूक वाजवले, याचं मला फार नवल वाटलं. पण एखादं पद वाजवायला घेतलं की स्वतःलाच ऐकवत नाही. लहानपणी याहून बरं वाजत होतं. हात पुन्हा बसेल का? आणि आता बसून उपयोग काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : हात बसेल. पलटे आठवले यामागे कारण आहे. घटना आणि नावं लक्षात ठेवण्याचं काम मेंदूचा एक भाग करतो, तर हातांनी शिकलेल्या गोष्टी बऱ्याच अंशी दुसरीकडे साठतात आणि फार सावकाश पुसल्या जातात. क्लाइव्ह वेअरिंग या इंग्रज संगीतकाराची स्मृती १९८५ मध्ये मेंदूच्या आजारात गेली. काही क्षणांपूर्वीचंही त्यांना आठवत नसे, तरी पियानोपुढे बसवलं की ते वाजवत. तुमची बोटं तर फक्त थांबलेली होती.

लहानपणी बरं वाजत होतं, हे मात्र मला पटत नाही. तेव्हा ऐकणारा कानही लहान होता. मधल्या वर्षांत तुम्ही रेडिओवर, मैफलींत, घरात कितीतरी गाणं ऐकलंत. कान पुढे गेला, हात शाळेतच राहिला. ऐकवत नाही ते त्यामुळे. मला यात तुमची मोठी जमेची बाजू दिसते, कारण हात रोजच्या वीस मिनिटांत सुधारतो. असा कान घडायला अर्धं आयुष्य लागतं. (वीस मिनिटं, पण रोज. हाताने शिकलेलं झोपेत पक्कं होतं, म्हणून रविवारी सलग दोन तास बसण्यापेक्षा हे बरं.)

परीक्षेचं पुस्तक सध्या बाजूला ठेवा. तोंडपाठ असलेलं एखादं पद घ्या. त्याची एकच ओळ आधी गा, अगदी गुणगुणलात तरी चालेल, आणि मग नोटेशन न बघता ती पेटीवर शोधा. आधी गायचं ते अशासाठी, की पेटीत मींड नाही, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही. आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीवर बंदी घातली, त्यामागे हा एक मोठा आक्षेप होता. तरीही गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी पेटी गाती केली. ते गायक भास्करबुवा बखल्यांच्या साथीला बसत आणि १९११ च्या ‘मानापमान’ या संगीत नाटकाची पदं त्यांनीच स्वरबद्ध केली; गाणं आधी अंगात होतं, मग ते पट्ट्यांवर उतरलं. मनात गात वाजवलंत की भाता जोराने मारणंही आपोआप कमी होईल, कारण गाताना श्वास जिथे हलका होतो तिथे डावा हातही हलका पडतो.

उपयोगाचं म्हणाल, तर पु. ल. देशपांडे लेखक म्हणून घराघरांत पोहोचले तरी पेटी त्यांनी सोडली नाही. त्यांना कुठे विशारद व्हायचं होतं? वाजवण्यातच त्यांना सुख होतं, आणि ते पुरेसं होतं. तुम्हीही शेजारच्या भजनी मंडळात साथीला बसा. एकटीने वाजवताना चूक झाली की आपण थांबतो; गाणाऱ्या बायका थांबत नाहीत, त्यामुळे पुढे जायची सवय लागते. शिवाय दुसऱ्याचा आवाज आपल्या सुरांवर विसावला की जो आनंद होतो, तो तुम्हाला परीक्षेच्या हॉलमध्ये कधी मिळाला नसेल.

आणि हाताला दोष देण्याआधी पेटी जाणत्या कारागिराला दाखवा. माळ्यावर इतकी वर्षं राहिल्यावर भात्याला बारीक भोकं पडतात, सुरांच्या जिभांखाली धूळ बसून एखादा स्वर मुका होतो आणि पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात. हे सगळं दुरुस्त होतं. जुने पितळी सूर मात्र बदलू देऊ नका. ते साफ करून घ्या, उतरलेला स्वर कारागीर पितळेची जीभ हलकेच खरवडून जागेवर आणतो.