मिक्सरपासून संगणकापर्यंत : ध्वनिमुद्रण का बिघडते?

लग्नसराईत आणि गणेशोत्सवात डीजे लावणारी तरुण मंडळी आपले मिक्स संगणकावर ध्वनिमुद्रित करून ठेवतात आणि पुढच्या हंगामाची सुपारी ठरवायला येणाऱ्यांना तेच ऐकवतात. मांडवात कितीही चांगले वाजलेले असो, ऐकवलेले ध्वनिमुद्रण फाटके असेल तर सुपारी दुसऱ्याकडे जाते. माझा चुलतभाऊ याच धंद्यात आहे. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच; तेव्हा "तू शिकतोस ना, मग हे असं का होतं ते सांग," असे तो म्हणाला यात नवल नाही. कला शाखेत ध्वनिशास्त्र कोण शिकवणार! पण वाचून आणि वायरी काढून-लावून जे उमगले ते येथे मांडतो.

आवाज वाईट आला की दोष संगणकाला द्यायचा, अशी रीत आहे. माझ्या मते बहुतेक वेळा आवाज संगणकात शिरण्यापूर्वीच बिघडलेला असतो. म्हणून शोध मिक्सरपासून सुरू करावा. मिक्सरलाच हेडफोन लावून ऐकावे. तेथे आवाज स्वच्छ असेल तर दोष पुढे आहे. तेथेच फाटत असेल तर संगणकाला हात लावण्याचे कारण नाही.

सर्वांत मोठा गोंधळ होतो तो लॅपटॉपच्या छिद्रापाशी. आजच्या बहुतेक लॅपटॉपना हेडफोन आणि माइक यांसाठी मिळून एकच छिद्र असते व त्यातील माइकची वाट एकेरी असते. डावा-उजवा भेद तेथे उरत नाही. शिवाय माइकचा संकेत काही मिलिव्होल्टचा, तर मिक्सरचा घरगुती प्रमाणाने सुमारे 0.316 व्होल्ट आणि व्यावसायिक प्रमाणाने 1.23 व्होल्ट. पाटाच्या मापाने खोदलेल्या चारीत नदी सोडावी, तसाच हा प्रकार. याहून गमतीची गोष्ट अशी की, साधी स्टीरिओ पिन घातली तर लॅपटॉप तिला हेडफोन समजतो आणि स्वतःच्या अंगच्या माइकमधूनच मुद्रण करीत राहतो. विहिरीत बोलल्यासारखा आवाज येत असेल तर मुद्रण चालू असताना लॅपटॉपजवळ टाळी वाजवून पाहावी. टाळी मुद्रित झाली, तर वायरीतून काहीच येत नव्हते असे समजावे. यावर खरा उपाय म्हणजे लाइन इनपुट असलेले यूएसबी ऑडिओ इंटरफेस. तडजोडी करून पैसे वाचत नाहीत.

आता फाटण्याविषयी. संगणकाच्या मोजपट्टीवर शून्य डेसिबल हे छत आहे. लाटा त्याच्यावर गेल्या की त्यांचे माथे सपाट कापले जातात, आणि कापलेले माथे मागाहून खरेखुरे परत मिळत नाहीत. ऑडॅसिटीसारख्या प्रोग्रॅममध्ये लाट मोठी करून पाहिली की हे डोळ्यांना दिसते. लाटा छताला टेकून सपाट झाल्या असतील तर संगणकाकडे येणारी पातळी जास्त आहे. पण त्या छताच्या बऱ्याच खाली असूनही सपाट असतील, तर त्या आधीच, मिक्सरमध्ये किंवा इंटरफेसच्या तोंडाशी, कापल्या गेल्या आहेत. अशा वेळी संगणकातील पट्टी खाली ओढल्याने फाटका आवाज फक्त लहान होतो. चॅनेलचा गेन कमी करून मिक्सरचा लाल दिवा आधी विझवावा, मग इंटरफेसचे बटण पाहावे. अनेक मिक्सरवर 'रेक आउट' असा वेगळा मार्ग असतो. त्यावर मास्टरच्या बटणाचा परिणाम होत नाही, हे ध्यानात ठेवावे. सर्वांत मोठा ठोका वजा 6 ते वजा 10 डेसिबलपर्यंत जावा. 16 बिटच्या मुद्रणाचा आवाका सुमारे 96 डेसिबलचा असतो, तेव्हा थोडी जागा मोकळी ठेवल्याने काही बिघडत नाही.

पातळी ठीक असूनही आवाज आपोआप वरखाली होत असेल, तर संगणकाची गोंगाट कमी करणारी सोय चालू आहे का ते पाहावे. ती बोलणे टिपण्यासाठी केलेली असते. संगीतालाच ती गोंगाट समजते. टिकटिक आणि मध्येच तुटणे हे मात्र संगणकाचेच दुखणे. इतर प्रोग्रॅम बंद करून बफर वाढवावा.

घूंऽ अशी अखंड गुणगुण ऐकू आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. आपल्याकडील वीज 50 हर्ट्झची. दोन उपकरणांचे अर्थिंग वेगवेगळ्या वाटांनी जोडले गेले की तीच गुणगुण, आणि तिच्या पटीतले सूर, वायरीत उतरतात. दोन्ही उपकरणे एकाच बोर्डावर घ्यावीत, किंवा वायरीमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर बसवावा. काही जण यावर प्लगची अर्थिंगची पिन मोडून टाकतात. गुणगुण जाते हे खरे. पण ओल्या मांडवात, लोखंडी स्टँडला धरून उभ्या असलेल्या माणसाचा जीव त्या पिनेवर अवलंबून असतो. ही पिन कोणीही, कधीही मोडू नये.

मुद्रण वेव्ह स्वरूपातच करावे. 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट, स्टीरिओ अशा एका तासाला सुमारे 635 मेगाबाइट जागा लागते. फोनवर पाठवायची प्रत 320 किलोबिटची एमपीथ्री करावी आणि मूळ फाइल निदान हंगाम संपेपर्यंत तरी पुसू नये.