‘क्रेडिट’ आणि ‘श्रद्धा’ : एका मुळाचे दोन शब्द

‘क्रेडिट’ हा शब्द आपण रोज ऐकतो. बँकेचा संदेश येतो, खात्यात रक्कम जमा झालेली दिसते. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. वहीत डेबिटच्या समोरची बाजू, एवढीच मला या शब्दाची ओळख होती. एका लेखाचा अनुवाद करताना ‘श्रद्धा’ या शब्दाचे मूळ शोधत गेलो आणि तिथे ‘क्रेडिट’ भेटला!

शब्दाचा माग

इंग्रजीने हा शब्द सोळाव्या शतकात फ्रेंचमधून घेतला. त्यामागे इटालियन ‘क्रेदितो’ आणि त्याही मागे लॅटिन ‘क्रेदितुम’ आहे. ‘क्रेदितुम’ म्हणजे विश्वासाने दुसऱ्याच्या हाती सोपवलेले, कर्जाऊ दिलेले. क्रियापद ‘क्रेदेरे’, म्हणजे विश्वास ठेवणे.

आता संस्कृत पाहा. श्रत् + धा = श्रद्धा. ‘धा’ म्हणजे ठेवणे. ऋग्वेदात हे दोन भाग कधी कधी सुटेही येतात. ‘क्रेदेरे’ची घडणही अशीच आहे. लॅटिनमधल्या ‘क’च्या जागी संस्कृतात अनेकदा ‘श’ दिसतो. शंभरला ‘केन्तुम’ आणि ‘शतम्’, दहाला ‘देकेम’ आणि ‘दश’. तसेच ‘क्रेद्’ आणि ‘श्रत्’.

एक सावधगिरी

‘इंग्रजी शब्द संस्कृतातून निघाला’ असे लगेच पुढे पाठवू नका. लॅटिन आणि संस्कृत या बहिणी आहेत, एक दुसरीची आई नव्हे. दोघींचे मूळ त्याहून जुन्या एका भाषेत आहे. १७८६ मध्ये कलकत्त्यातील व्याख्यानात सर विल्यम जोन्स यांनी हा विचार मांडला होता. श्रद्धेविषयी बोलताना तरी असत्याचा आधार नको.

आपल्यासाठी बोध

दोन्ही शब्दांत ‘ठेवणे’ आहे. श्रद्धा नुसती मनात उमटत नाही, ती आपण कुठेतरी ठेवतो. आणि जिच्यावर ती ठेवली, त्या व्यक्तीवर जबाबदारी येते. दुकानदार वहीत नाव लिहून सामान देतो, तेव्हा सामानाआधी तो विश्वास देत असतो.

स्वाध्याय

आज रात्री वहीत दोन रकाने आखा. पहिल्यात लिहा : माझ्यावर कोणी, कशासाठी विश्वास ठेवला? दुसऱ्यात : मी तो कसा राखला?

मीही लिहून पाहिले. दुसऱ्या रकान्यात एक जागा रिकामी राहिली. परीक्षेआधी मित्राने दिलेली वही अजून माझ्याकडेच आहे. उद्या आधी ती परत करणार आहे.