आधीचा कर्करोग आणि मूत्राशयाचा कर्करोग

मूत्रपिंडांनी गाळलेले मूत्र मूत्राशयात काही तास साठून राहते. त्यात घातक द्रव्य असेल तर तेवढा वेळ ते आतल्या अस्तराला भिजवीत राहते. रंगाच्या कारखान्यातील कामगारांत मूत्राशयाचा कर्करोग आढळतो, हे जर्मन शस्त्रवैद्य लुडविग रेन यांनी १८९५ साली दाखवून दिले. आज या रोगाचे मुख्य कारण आहे तंबाखूचा धूर.

हाच धूर फुप्फुसाला आणि घशालाही सोडत नाही. म्हणून एकाच माणसाला आधी एक आणि काही वर्षांनी मूत्राशयाचा, असे दोन स्वतंत्र कर्करोग होऊ शकतात. कधी पहिल्या रोगावरचा उपचारही दुसऱ्याला कारण होतो. ओटीपोटावर दिलेले किरणोपचार हे त्याचे एक उदाहरण. सायक्लोफॉस्फमाइड हे औषध दुसरे. त्यापासून शरीरात बनणारे अ‍ॅक्रोलीन मूत्राशयाच्या अस्तराला इजा करते.

मग अशा रुग्णाचे आयुष्य इतरांहून कमी असते काय? मित्रांनो, उत्तर देण्याची घाई करू नका. समजा, 'अ' गटात पूर्वी कर्करोग न झालेले १०० रुग्ण आहेत आणि 'ब' गटात पूर्वी झालेले १००. पाच वर्षांत 'अ' मधील ३० दगावले, 'ब' मधील ४०. आकडे (अर्थात काल्पनिक) 'ब' च्या विरुद्ध दिसतात. पण मूत्राशयाच्या कर्करोगाने दोन्हीकडे २०-२० च गेले असतील तर? उरलेले १० आणि २० जुन्या रोगाने, हृदयविकाराने, वार्धक्याने गेले. म्हणजे मूत्राशयाचा रोग 'ब' गटात अधिक उग्र नव्हता.

उलट दिशेची चूकही संभवते. एकदा कर्करोग झालेला माणूस वारंवार तपासला जातो, त्यामुळे दुसरा रोग लवकर सापडतो आणि रोगानंतरचे आयुष्य लांबल्यासारखे दिसते. शिवाय आधीचा कर्करोग कोणता, हेही पाहावे लागते. त्वचेवरची काढून टाकलेली लहानशी गाठ आणि फुप्फुसाचा कर्करोग एका रकान्यात कसे घालणार?

हा हिशेब केवळ कागदावरचा नाही. नव्या औषधांच्या चाचण्यांतून पूर्वी कर्करोग झालेल्यांना अनेकदा वगळले जाई. परंतु फुप्फुसाच्या पुढच्या अवस्थेतील कर्करोगाच्या अमेरिकन नोंदी तपासल्या, तेव्हा अशा रुग्णांचे आयुष्य कमी आढळले नाही. तो अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. २०१७ साली तेथील कर्करोगतज्ज्ञांच्या संस्थेने ही अट सैल करण्याची शिफारस केली. फुप्फुसाचे उत्तर मूत्राशयाला जसेच्या तसे लावता येत नाही; तेथे वेगळी मोजणी हवी.

आता वहीत करून पहा: 'ब' गटाचे सरासरी वय ७५ आणि 'अ' चे ६० असेल, तर तुलना कशी कराल?